‘चाखून बघू’ म्हणत घेतलेली दुसरी बाटली

(पोस्ट मोठी आहे आणि बिअरवर आहे. ज्यांना हा विषयच नको त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही. जे पितात त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.)

मंडळी, आमचा तिघांचा एक जुना कट्टा आहे. मी, एक शाळामास्तर आणि एक आंबा बागायतदार. महिन्यातून एखादा शनिवार, ठरलेली परमिट रूम, ठरलेलं कोपऱ्यातलं टेबल. वेटर पाणी ठेवतानाच विचारतो, “दादा, नेहमीचीच ना?” आम्ही मान हलवतो. थंड माइल्ड, सोबत उकडलेले शेंगा, बोंबील ताजे असतील तर फ्राय. झालं.

गेल्या महिन्यात बागायतदाराचा पुतण्या पुण्याहून आला होता, तोही येऊन बसला. आमची ‘नेहमीची’ बघून म्हणाला, “काका, वीस वर्षं एकच बिअर? कंटाळा नाही येत?” त्याच्या मोबाइलमध्ये यादी होती, आतापर्यंत चाखलेल्या बिअरची. शंभराच्या वर. प्रत्येकीला पाचपैकी गुण दिलेले. मास्तर म्हणाले, “मेल्या, एवढे पेपर तर मीही तपासत नाही.”

हसलो सगळे. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. कारण आम्ही काही वीस वर्षं एकच पीत नव्हतो. मध्ये चार-पाच वर्षं आम्हालाही नव्याचं वेड लागलं होतं. ते का लागलं आणि का सुटलं, हे मी आजवर कुठे लिहिलं नाही. आज लिहितो.

नवीन चाखावंसं वाटणं यात गैर काही नाही. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, तिथेच पिंपातून काढून देणारी, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे, काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ म्हणायला लागले. पुण्याला कामानिमित्त गेलो की मीही अशा ठिकाणी जाऊन आलोय. गव्हाची, सफरचंदाची, कॉफीच्या रंगाची. मजा येते, खोटं कशाला बोलू? पुढे २०१५ ला ‘बिरा ९१’ आली, माकडाच्या चित्राची. गोव्याला गेलं की ‘किंग्ज’ची छोटी बाटली ठरलेली. हापूसच्या गावात राहणारी माणसं आम्ही, एकाच चवीवर जन्म काढायची सवय. त्यामुळे नवी चव सापडली की जग बघितल्यासारखं वाटायचं.

पण रत्नागिरीत बसून ‘नवीन’ म्हणजे काय, हे जरा तपासून बघा.

आपल्याला वाटतं फ्रिजमधून आपण निवडतो. किंगफिशर, लंडन पिल्सनर, कॅनन १०,००० ही तीन वेगळी नावं, पण कंपनी एकच, युनायटेड ब्रुअरीज. बडवायझर, हेवर्ड्स ५०००, नॉकआउट, फॉस्टर्स या दुसऱ्या एका जागतिक कंपनीच्या. टुबोर्ग आणि कार्ल्सबर्ग एकाच घरातल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने निकाल दिला की २००९ ते २०१८ या काळात या तीन मोठ्या कंपन्या आपसात ठरवून बिअरचे दर सांभाळत होत्या. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी, कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी दंड. तिसरीने आधीच आयोगाकडे जाऊन सगळं उघड केलं म्हणून तिचा दंड माफ. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. म्हणजे आम्ही टेबलावर ‘ही बरी की ती बरी’ म्हणून वाद घालत होतो ती वर्षं नेमकी हीच.

उलट बाजूही बघा. बिराच्या कंपनीने आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला. एवढ्यावरून राज्याराज्यांत लेबलांची नव्याने नोंदणी करावी लागली आणि काही महिने विक्रीच थांबली. आवडली, नावडली हा प्रश्नच नाही. एका शब्दापायी नवीन बाटली गायब. गावच्या फ्रिजमध्ये काय यावं हे आपली जीभ ठरवत नाही, एवढंच म्हणायचंय.

आणि आपल्याकडे नवीन येतं ते बहुतेक ‘स्ट्राँग’ येतं. देशात सगळ्यात जास्त खपते तीच. पुण्यात मायक्रोब्रुअरीत बसलात तर छोट्या ग्लासात चार घोट देतात, आवडली तर मोठा ग्लास मागवा. त्याला म्हणतात चाखणं. आमच्याकडे चाखायची म्हणजे ६५० मिलीची अख्खी बाटली फोडायची. फोडली की टाकवत नाही. पैसे दिलेले असतात.

आता मूळ गोष्ट.

२०१८ चा जुलै. धो धो पाऊस. आम्ही दोघंच होतो, मी आणि मास्तर. नेहमीची एकेक झाली. निघायला उठलो तर वेटर म्हणाला, “दादा, नवीन आलीय, बघणार?” मास्तर म्हणाले, “राहू दे रे, उशीर झालाय.” मी म्हटलं, “चाखून बघू.” एकेक मागवली. चव कशी होती ते विचाराल तर आठवत नाही. खरंच आठवत नाही.

गाडी मी चालवत होतो. मास्तरांना घरी सोडायचं होतं, भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला. पूल गेला, पुढे एका वळणावर जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर आली होती. मी वळण घेतलं ते उशिरा घेतलं. एवढंच कळलं. पुढचं कळलं तेव्हा मी गवतात होतो आणि मास्तर गाडीखाली. माझा कोपर खरचटला होता. त्यांचा उजवा घोटा मोडला होता.

ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली. तीन महिने शाळा नाही. आजही शेवटच्या तासाला ते खुर्चीत बसून शिकवतात. पूर्वी फळ्यासमोरून हलत नसत.

सगळ्यांना सांगितलं, पाऊस होता, माती होती, गाडी घसरली. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, “भाऊजी, गाडी तुम्हीच चालवत होतात ना?” मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वीस वर्षं पत्रकारिता करतोय. ‘मद्यधुंद दुचाकीस्वाराने’ अशी सुरुवात करून किती बातम्या लिहिल्या असतील याची गणती नाही. गाडी घसरून जखमी झालेल्याची दोन ओळींची बातमी तर रोजची. त्या रात्रीची बातमी मात्र कुठेच आली नाही. कारण ती देणारा माणूस मीच होतो.

मनाची समजूत एकच होती, ‘फक्त दोन बिअर तर होत्या.’ ती समजूत मास्तरांनी मोडली. गणिताचे शिक्षक. खाटेवर पडल्या पडल्या एक्स-रेच्या पाकिटावर पेन्सिलने हिशेब केला. तो तुम्हीही करून बघा, लेबलवर लिहिलेला वरचा आकडा धरून.

माइल्ड, ५ टक्क्यांपर्यंत : ६५० मिलीत साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल.
स्ट्राँग, ८ टक्क्यांपर्यंत : ६५० मिलीत ५२ मिली.
व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग, ४२.८ टक्के : पावणेसव्वीस मिलीच्या आसपास.

म्हणजे स्ट्राँगची एक बाटली बरोबर दोन लार्ज पेग. माइल्डची एक म्हणजे सव्वा पेग. आमच्या ‘फक्त दोन बिअर’ म्हणजे माणशी सव्वातीन लार्ज पेग. सव्वातीन पेग मारून पावसात गाडी काढतोस का, असं त्या रात्री कोणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण बिअर म्हटलं की आपल्याला ते थंड पेयच वाटतं. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. कायदा बाटली कुठली ते विचारत नाही.

तेव्हापासून आम्ही परत जुनीकडे आलो. ती जास्त चांगली म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर ती अगदी साधी आहे, त्या पुतण्याने तिला पाचपैकी दोन गुण दिले. पण तिचा आकडा आम्हाला पाठ आहे. एक झाली की थांबायचं हे जिभेलाही कळतं. नव्याचं तसं नसतं. ‘नवीन आहे’ हे आणखी एक मागवायचं कारण होऊन येतं, आणि ती कधीच पहिलीच्या ऐवजी येत नाही, पहिलीच्या वर येते. आमचं तिथे चुकलं.

जुनीचं फार कौतुकही नको. सवय ती सवयच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. आपल्या राज्यात तर गंमतच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो, म्हणून ती ‘परमिट रूम’. आणि तो परवाना मिळतो कशासाठी? कागदोपत्री, प्रकृती राखण्यासाठी! मास्तर घोटा चोळत हे वाक्य दर वेळी म्हणतात.

आता थोडं गावापुरतं.

एक, बारच्या मेनू कार्डावर किमतीसोबत टक्के छापा. लेबलवर असतात, पण त्या उजेडात ती बारीक अक्षरं आमच्या वयाला दिसत नाहीत. दोन, छोटी बाटली ठेवा, माइल्डमध्ये ठेवा. विचारलं की उत्तर मिळतं, खपत नाही. फ्रिजमध्येच नाही तर खपेल कशी? तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बार उशिरापर्यंत उघडे असतात, पण तेवढ्या रात्री तिथून घरी जायची सोय काय? शहराबाहेर राहणाऱ्याला त्या वेळी बस नाही, रिक्षा मिळेलच असं नाही. परवाने देणारी आणि तपासणी करणारी खाती आहेत, दंड करणारेही आहेत. घरी कसं जायचं याचा विचार कुठल्याच टेबलावर होत नाही. आमच्या बारवाल्याने आम्ही मागे लागल्यावर गल्ल्याशेजारी दोन रिक्षावाल्यांचे नंबर चिकटवलेत. खर्च शून्य. बाकीच्यांनीही एवढं करायला हरकत नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी मास्तरांना वाचून दाखवली. वहिनीही बसल्या होत्या. जिन्यात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सात वर्षांनी दिलं. त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच माहीत होतं.” आणि चहा ठेवायला उठल्या. मास्तर म्हणाले, “टाक. फक्त नाव नको, आणि हिशेब चुकवू नकोस.”

परवाच्या शनिवारी वेटरने परत विचारलं, “दादा, नवीन आलीय, बघणार?” आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बागायतदार म्हणाला, “आण. पण मग नेहमीची राहू दे.” एक बाटली, तीन ग्लास. बरी होती, जरा कडवट. मास्तरांनी गुण दिले, साडेतीन.

साडेदहाला रिक्षावाल्याला फोन केला. भाट्याच्या पुलावरून जाताना पाऊस होता. मास्तर पुढे काही बोलले नाहीत, मीही नाही.

तुमच्या फ्रिजमध्ये आज जी बाटली असेल तिच्यावरचे टक्के एकदा वाचा. एवढंच.