न घडलेल्याची नोंद

जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आमच्या विभागात काही वर्षे चालू आहे. मुद्रणयंत्र लिनक्सच्या संगणकाला जोडताच फाइली आपोआप उतरवून घेतल्या जाव्यात, म्हणून आम्ही युडेव्हचा एक नियम लिहिला. साधन जोडल्याची वा काढल्याची वार्ता कर्नलकडून घेऊन नियमाप्रमाणे कृती करणारी व्यवस्था म्हणजे युडेव्ह. नियम आम्ही चार वेळा वाचला; निर्दोष वाटला. त्या भरवशावर यंत्रातील जागा मोकळी केली आणि एका वृद्ध बाईंनी दुपारभर गायिलेल्या ओव्या गेल्या.

लॉग उघडण्याचे सुचले ते त्यानंतर. युडेव्हच्या नोंदींची पातळी ‘डीबग’वर नेली, ‘जर्नलसीटीएल’ चालू ठेवले आणि यंत्र पुन्हा जोडले. कर्नलने ते ओळखून त्याला ‘एसडीबी’ हे नाव दिले होते. आमची नियमांची फाइल वाचल्याची नोंद होती. इतर फाइलींतील नियम ओळक्रमांकासह लागू झालेले दिसत होते. आमच्या ओळीविषयी मात्र एक अक्षर नव्हते, तक्रारही नव्हती. नियम व्याकरणदृष्ट्या शुद्ध होता, फक्त कोणत्याच साधनाला लागू पडत नव्हता.

‘युडेव्हअ‍ॅडम इन्फो’कडे साधनाची वंशावळ मागितली, तेव्हा उलगडा झाला. उत्पादकाचा क्रमांक यूएसबी पातळीवरील पूर्वजाकडे होता, तर मॉडेलचे नाव स्कझी पातळीवरील दुसऱ्याच पूर्वजाकडे. एका नियमात साधनाचे स्वतःचे गुण आणि त्याच्या एकाच पूर्वजाचे गुण घेता येतात. आम्ही दोघांचे गुण एकाच्या माथी मारले होते. मॉडेलची अट काढून त्याच यूएसबी पूर्वजाचा उत्पादन-क्रमांक घातला. पुढच्या खेपेस आमच्या फाइलीचे नाव, ओळक्रमांकासह, लॉगमध्ये उमटले.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो, की पोथीत जे आहे ते वाचा. जे असावेसे वाटते ते नव्हे. स्वतःच्या एका ओळीपाशी आम्ही चारही वेळा आमचा हेतूच वाचला होता. लॉगला आमचा हेतू ठाऊक नव्हता, म्हणून तो खरे सांगू शकला.

त्या बाईंकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी आनंदाने ओव्या गायिल्या. त्या पहिल्या नव्हत्या. आता नोंद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज, आणि उतरलेली फाइल ऐकल्याखेरीज, आम्ही यंत्रातले काहीही पुसत नाही.