शकुंतलेचं छोटं स्टेशन

कापसासाठी घातलेल्या मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज मार्गावर शकुंतला रेल्वे आता धावत नाही. म्हणूनच अंजनगावच्या स्टेशनाची प्रतिकृती आठवणींतून उभी राहायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आठवण फसवते, हा आक्षेप खरा आहे. पण माप फसवत नाही. दोन रुळांमधलं ७६२ मिलिमीटरचं अंतर १:८७ प्रमाणात सुमारे ९ मिलिमीटर उरतं, आणि त्या चिमुकल्या रुळांशेजारी पुठ्ठ्याचा फलाट चिकटवताना प्रश्न पडतोच: तो नेमका किती उंच होता? उत्तरासाठी जुने फोटो शोधावे लागतात, गावातली म्हातारी माणसं गाठावी लागतात. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीवर घासून पाहावी लागते. मग प्रतिकृती बनवणं हा पोरखेळ कसा? अंजनगावकरांनो, ज्यांना स्टेशन आठवतं त्यांना आजच विचारा.