गळकी बुलेट

अण्णांनी बुलेट घेतली ती सेकंडहँड आणि गळतीसकट. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. कोल्हापूरच्या त्या गृहस्थांनी टाकीवरून हात फिरवत सांगून टाकलं, "तेल टिपकतंय तोवर काळजी नाही. टिपकायचं थांबलं की समजायचं, तेल संपलं." अण्णांना हे इतकं पटलं की पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं, आणि ऐकवताना स्वतःच आधी हसले.

कराडच्या आमच्या घराच्या सोप्यात शहाबादी फरशी होती. शहाबादी तेल पिते. एकदा प्यायली की सोडा लावा, राख लावा, काळं ते काळंच. आईने आधी गाडीखाली पोतं घातलं, मग डालड्याच्या डब्याचं झाकण ठेवलं. झाकणातलं तेल वाया जात नसे. दाराच्या बिजागऱ्या, माझ्या सायकलची चेन, शेजाऱ्यांच्या विहिरीचा रहाट, आमच्या आळीत करकरणारी वस्तू म्हणून उरली नव्हती. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि लवकरच समोरच्या मास्तरांनी ती घेतली. आई रोज त्यांच्या अंगणातली कोरडी फरशी बघायची आणि अण्णांना काहीही बोलायची नाही. ते न बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

गंमत अशी की अण्णांचं अख्खं आयुष्य गळत्या शोधण्यात गेलं. ते पाटबंधारे खात्यात होते, कालव्यावर. कुणाच्या तरी रानात अचानक पाणी उपळलं की शेतकरी सरळ समोरच्या भरावाकडे बोट दाखवायचा. अण्णा मात्र भरावावर चढून उलट्या दिशेने, पाणी येतं तिकडे, चालू लागायचे. मी सुट्टीत कधी कधी त्यांच्या मागे असायचो. कुठे खेकड्याचं बीळ, कुठे अस्तराच्या फरशीखालची माती वाहून गेलेली, आणि हे सगळं रानातल्या चिखलापासून बरंच वर. "पाणी जिथं दिसतं तिथं फुटलेलं नसतं. वर चालत जायचं," असं ते पाटकऱ्याला सांगायचे. मग त्याच गळक्या बुलेटला किक मारून आम्ही घरी यायचो. घरची गळती त्यांनी खात्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती.

मिस्त्रीचाचा आपल्या परीने झटायचे. त्यांच्या गॅरेजात मला तासन्‌तास बसू देत. पॅकिंगचा कागद ते कव्हरवर ठेवून छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत. कड उमटली की तोच आकार कापून काढायचा. तेलाच्या नळीच्या बोल्टाखालचा तांब्याचा वायसर ते फेकून देत नसत. पक्कडीत धरून ब्लो लॅम्पवर लालबुंद करायचा आणि चर्रकन पाण्यात टाकायचा. तांबं तापलं की मऊ पडतं, मग ते परत बसायला तयार होतं. पोलादाला असं केलं तर ते उलट कडक होतं, हे मी पुस्तकात वाचण्याआधी चाचांकडून शिकलो. ते एक पॅकिंग बदलायचे, महिनाभर झाकण कोरडं राहायचं, मग तेल दुसऱ्या फटीतून वाट काढायचं.

याचा दोष नेहमी त्या गाडीच्या जातीवर जायचा. तो अगदीच खोटा नाही. बुलेट मुळात इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रासच्या कंपनीने ती इथे बनवायला घेतली आणि तिचं ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकाने पुढे पन्नासेक वर्षं चाललं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळी, दोघांना जोडणारी चेनकेस तिसरी, तिघांचं तेल वेगळं. क्रँककेस उभी कापलेली, म्हणजे सांधा थेट तेलाच्या तळापर्यंत उतरतो. चेनकेसचं एवढं मोठं झाकण, त्याला मधोमध एकच नट आणि कडेने एक रबर. गळतंय म्हणून लोक तो नट आणखी आवळतात, झाकण मध्ये दबतं, कडा उचलल्या जातात आणि तेल जोमाने बाहेर येतं. नट आवळणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपचारच आहे, पण ते असो.

अण्णा गेल्यावर गाडी माझ्याकडे पुण्याला आली. इथे शहाबादी नव्हती, सोसायटीच्या पार्किंगची फिकट फरशी होती आणि तिच्यावर चेअरमनचं बारीक लक्ष होतं. पहिली नोटीस 'संबंधित सभासदांनी' अशी मोघम आली. दुसरीत फ्लॅट नंबर होता. मी एक रविवार मोकळा काढला.

आधी बोट लावून पाहायचं. इंजिनचं तेल काळं आणि पातळ झालेलं असतं. गिअरचं तेल दाट, त्याला गंधकाचा उग्र दर्प. पुढच्या शॉकअपचं तेल नळीवरून ओघळून चाकाच्या आसापर्यंत आलेलं दिसतं. पेट्रोल असेल तर थांबायचंच नाही, कॉक बंद करून आधी ते बघायचं. माझं काळं, इंजिनचं. मग डिझेल आणि जुना ब्रश घेऊन सगळं इंजिन धुतलं, फिन्समध्ये चिंधी घालून कोरडं केलं आणि मुलीची टाल्कम पावडर त्यावर फुंकली. लोखंडी बुलेट पांढरीफटक झाली. तशीच ती खडकवासल्यापर्यंत नेऊन आणली. वाटेत सिग्नलला एकाने विचारलं, "काका, गाडीला घामोळं आलंय का?"

परत आल्यावर बॅटरी मारून बघितलं. धावत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन खाली ओढतं, म्हणून गिअरबॉक्सखाली टिपकणारा थेंब खूप पुढून, खूप वरून निघालेला असू शकतो. डाग सोडून पावडरीतली काळी रेघ धरायची आणि वर चालत जायचं. रेघ टॅपेट कव्हरच्या कडेला पोचली. पण दुसरी रेघ रॉकरच्या झाकणापासून येत होती, तिसरी क्रँककेसच्या सांध्यातून. पॅकिंगं तर सगळी नवी, कोल्हापूरहून मागवून बसवलेली. एका जागी गळत असेल तर पॅकिंग गेलं म्हणावं. तीन जागी एकदम गळत असेल, तर आतून कुणीतरी ढकलतंय.

ढकलते हवा. बुलेटचा पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची 346 सीसी हवा दाबली जाते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 50 वेळा होतं. त्या हवेला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते आणि तिच्यात रबराची एक चपटी चोच, डक बिल. आतून हवा आली की ओठ उघडायचे, पिस्टन वर गेला की मिटायचे. मी गाडी चालू ठेवून नळीच्या तोंडाशी तळहात धरला. प्रत्येक ठोक्यासरशी फुंकर यायला हवी होती. काहीच येत नव्हतं. चोच काढून पुसली आणि फुंकून पाहिली. इकडून नाही, तिकडूनही नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन दोन्ही ओठ चिकटले होते. कोंडलेली हवा मग ज्या सांध्यातून सुटेल तिथून सुटत होती, जाताना तेल घेऊन.

चोच कधीची चिकटली होती, सांगता येणार नाही. मिस्त्रीचाचांनी बदललेल्या कितीतरी पॅकिंगांचा त्यात काही गुन्हा नव्हता, एवढं खरं. नवी चोच वडापाव-चहाच्या पैशात आली. ती बसवली आणि टॅपेट कव्हर, रॉकर कव्हर, सांधा, तिन्ही कोरडे पडले. चेनकेस मात्र अजून एखादा थेंब टाकते. तिचं रबर एकदा बदललं, पुन्हा बदलेन. तिच्याखाली मी ट्रे ठेवतो आणि ट्रेमधलं तेल लोखंडी गेटच्या बिजागऱ्यांना जातं. वॉचमन खूश आहे.

गेल्या उन्हाळ्यात चेअरमनांनी नवी कोरी मोटार आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात रात्री बेल वाजवली. "गाडीखाली ओलं दिसतंय. तुम्हाला यातलं कळतं म्हणून म्हटलं." मी चपला घालून खाली गेलो. डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या थोडं मागे थारोळं होतं. बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

"एसी लावून आलात?"

"हो, हडपसरहून. ट्रॅफिक केवढा!"

"पाणी आहे. एसीचं. यायलाच पाहिजे, नाही आलं तर मला बोलवा."

ते तरीही खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पण फरशीवर डाग नाही ना पडायचा?"