बाहियाच्या कढईतला देव

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर, बाहिया प्रांतात, साल्वादोर नावाचे शहर आहे. १५४९ ते १७६३ पर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होते. गोवा पाहिलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. तेच चढउताराचे रस्ते, तीच रंगीत घरे, तशीच टेकडीवरची चर्चे आणि खाली निळा समुद्र! मात्र जुन्या वस्तीचे नाव ऐकले की अंगावर काटा येतो. पेलोरिन्यो, म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब.

आफ्रिकेतून ४० लाखांहून अधिक माणसे गुलाम म्हणून ब्राझीलला आणली गेली. त्यांचा बाप्तिस्मा झाला, नावे बदलली. गाठोड्यात देव बांधून आणण्याची सोय नव्हती, गाठोडेच नव्हते! तरीही आज नायजेरिया आणि बेनिनमधील योरुबा लोकांचे देव बाहियात सुखाने नांदत आहेत. या देवांना ओरिशा म्हणतात आणि त्यांच्या तेथील उपासनेला कांदोम्ब्ले. हे देव राहिले कोठे, असे मी आमच्या घरमालकीणबाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “आधी कोपऱ्यावर जाऊन वडा खाऊन या.”

कोपऱ्यावर एक भारदस्त बाई कढईपुढे बसल्या होत्या. पांढराशुभ्र घेरदार परकर, डोक्याला पांढरे फडके, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा. चवळी भिजवून, तिची साले काढून, कांद्याबरोबर वाटायची, चांगली फेटायची आणि तेलताडाच्या फळांच्या तांबड्या तेलात तिचे वडे तळायचे. वडा मधोमध चिरून त्यात सुकी कोळंबी आणि वातापा भरतात. वातापा म्हणजे पाव, नारळाचे दूध, शेंगदाणे आणि काजू यांचे दाट सारण. (काजू मूळचा ब्राझीलचाच. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला आणि आपण तो कोकणचा मानून बसलो!) या वड्याचे नाव आकाराझे. योरुबा भाषेत ‘आकारा’ म्हणजे हा वडा आणि ‘जे’ म्हणजे खाणे. नायजेरियात आजही सकाळी रस्त्यावर आकारा मिळतो.

हा वडा मुळात नैवेद्य आहे. तो वादळवाऱ्याची देवी यान्सां हिचा. जुन्या वळणाच्या बायका दिवसाचे पहिले इवलेसे वडे बालदेवतांच्या नावाने वाहतात आणि मगच गिऱ्हाइकाकडे वळतात. आपल्याकडे जेवणापूर्वी काकबळी काढून ठेवीत, त्याची मला आठवण झाली. गुलामगिरीच्या काळात अशाच बायका डोक्यावर टोपली घेऊन रस्तोरस्ती खाद्यपदार्थ विकत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि उरलेल्या पैशांतून शिल्लक टाकायची. त्या शिलकीतून काहींनी आपली स्वतःची सुटका विकत घेतली.

देवांनी चर्चमध्येही आसरा शोधला. यान्सां संत बार्बाराच्या आडोशाला राहिली. ४ डिसेंबरला तिच्या सणासाठी सारे शहर तांबडी वस्त्रे नेसते. शुक्रवार ओशालाचा, म्हणून त्या दिवशी अनेकजण पांढरे कपडे घालतात. २ फेब्रुवारीला कोळी मंडळी समुद्रदेवी येमांजाला फुले, आरसे आणि अत्तरे होड्यांतून नेऊन अर्पण करतात. आपल्या कोळीवाड्यातल्या नारळी पौर्णिमेचीच ही बहीण!

हे सारे सहजासहजी टिकले असे मात्र समजू नये. गुलामगिरी १८८८ साली संपली. पण बाहियात कांदोम्ब्लेच्या उपासनास्थळांना १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंद करावी लागे. पूर्वी तर छापे पडत, ढोल जप्त होत. त्या काळात ही परंपरा सांभाळली ती मुख्यतः बायकांनी. पुरोहित स्त्रीला तेथे ‘मांय’ म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपल्या ‘माय’सारखेच. गांतोइसच्या मांय मेनिनिन्या १९२२ पासून १९८६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ६४ वर्षे, आपले पीठ सांभाळीत होत्या.

पोलिसांचा जाच गेला, तरी द्वेष संपला नाही. एका पंथाच्या वृत्तपत्राने मांय जिल्दा यांचे छायाचित्र छापून त्यांची बदनामी केली. २१ जानेवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले. २००७ साली ब्राझीलमध्ये हा दिवस कायद्याने धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन म्हणून ठरवला गेला. इकडे वडे विकणाऱ्यांपैकी काही नवख्रिस्ती मंडळींनी आकाराझेला ‘येशूचा वडा’ म्हणायला सुरुवात केली आहे. चवळी तीच, तेल तेच, फक्त नैवेद्य वगळलेला. पोटासाठी धंदा कोणीही करावा. पण ज्या देवीने उपाशी बायकांना हा धंदा दिला, तिचेच नाव पुसायचे, हे काही मनाला पटत नाही. सरकारने २००५ साली या बायकांच्या कलेची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली, ती म्हणूनच मोलाची.

देवळे पाडता येतात, ढोल पळवता येतात. पण चवळी कशी भिजवायची आणि पहिला घास कोणाचा, हे आई मुलीला चुलीपाशी बसून सांगते. तेथे कोणत्या शिपायाचा हात पोचणार?