वाढत्या अंगाची सायकल

मुलास सदरा शिवावयाचा झाला की आमच्याकडील वडीलधारी मंडळी शिंप्यास एकच सूचना करीत असत, "वाढत्या अंगाचा शीव." या सूचनेत गैर असे काहीच नव्हते. बाही दुमडता येते, पायजम्याची दुमड वर्षाने उसवता येते, आणि थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर आणखी दोन वर्षे निभावून नेता येतो. परंतु हाच न्याय सायकलीस लावला असता काय होते, हे आम्ही एकदा नव्हे, दोनदा अनुभवले आहे. आणि तिसऱ्या खेपेस तो अनुभव आमच्या कन्येच्या वाट्यास येता येता राहिला.

पहिली हकीकत १९८६ सालची. विरार तेव्हा महानगरपालिकेचे शहर झाले नव्हते. ते झाले २००९ साली. स्टेशनातून पश्चिमेस निघून बोळींजच्या पुढे गेले की वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा लागत. वडिलांनी एक काळी चोवीस इंची सायकल घरी आणली. तिच्यावरून ते स्टेशनापर्यंत जात, आणि पुढे आम्ही मोठे झालो म्हणजे ती आमची व्हावयाची, असा बेत होता. आमचे वय त्या वेळी अकरा वर्षांचे होते. त्या काळ्या सायकलींचे चोवीस इंच म्हणजे चाकाचे माप नव्हे, तर फ्रेमच्या उभ्या नळीची उंची, अर्थात सुमारे ६१ सेंटिमीटर. (आज लहान मुलांच्या सायकलीवर जो आकडा लिहिलेला असतो तो मात्र चाकाचा असतो. पुष्कळ पालक येथेच फसतात.) सीटवर बसणे अशक्यच असल्यामुळे नळीखालून उजवा पाय घालून, अंग कमानीसारखे वाकडे करून, अर्ध्या अर्ध्या फेऱ्यांनी आम्ही ती सायकल पुरे दोन पावसाळे चालविली. त्या विद्येच्या खुणा गुडघ्यांवर अद्याप आहेत. पुढे आमची उंची १७० सेंटिमीटर होऊन थांबली, तरी त्या सायकलीवर बसून दोन्ही पाय टेकण्याचे सुख आम्हांस लाभले नाही. अंग वाढले, परंतु सायकलीइतके वाढले नाही!

इतके होऊनही आम्ही शहाणे झालो असे कोणी समजू नये. दहा वर्षांपूर्वी आम्हांस रोड-बाइक घेण्याची हौस आली. मुंबईतील एका विक्रेत्याकडे बारीक टायरांची, मुरडलेल्या हँडलाची एक जुनी सायकल निम्म्या किमतीस मिळत होती. तिच्या नळीवर ५८ हा आकडा होता. "साहेब, सीट खाली घेतली की झाले," असे त्याने सांगितले आणि आम्हांस ते पटले. कारण स्वस्त वस्तूचे समर्थन मनुष्यास फार लवकर पटते. विरारगाडीच्या मालडब्यातून ती घरी आली आणि दर रविवारी पहाटे आमची स्वारी आगाशीवरून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे निघू लागली.

रस्ता सुंदर, हवा सुंदर, आणि घरी परतल्यावर मानेत कळा! करंगळी व अनामिका तासन् तास बधिर राहात. कारण उघड होते, परंतु आम्हांस ते फार उशिरा उमगले. सीट खाली घेतल्याने पाय पायडलास पोहोचतात हे खरे. तथापि सीट आणि हँडल यांमधील अंतर त्यामुळे काही मोठेसे घटत नाही. मोठी फ्रेम उंच असते तशी लांबही असते. आम्ही हात ताणून, कोपरे ताठ ठेवून, सारा भार तळहातांवर टाकून चाललो होतो. ब्रेक बोटांच्या टोकांनी कसाबसा लागे. एके दिवशी आगाशीच्या वळणावर एक शेळी आडवी आली. ब्रेक दाबण्यास जो एक क्षण अधिक लागला त्यात शेळी वाचली आणि आम्ही पडलो. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. चूक निम्मी विक्रेत्याची म्हणावी, तर निम्मी आमच्या हिशेबी वृत्तीची होती.

आता तिसरी गोष्ट. आमची कन्या नववीत आहे. गेल्या वर्षी तिने हट्ट धरला, "बाबा, मला रोड-बाइकच हवी." आमच्या मातोश्रींनी तत्काळ सल्ला दिला, "अरे, पोर वाढत्या वयाची आहे. एक माप मोठी घे, म्हणजे कॉलेजापर्यंत पुरेल." वस्तू स्वस्त नव्हती आणि घरात पैशांचा प्रश्न होताच, तेव्हा आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आमच्या मनगटाने मात्र निराळे मत दिले.

मग आम्ही प्रथम माप घेतले. ज्या विद्यार्थिमित्रांस सायकल घ्यावयाची असेल त्यांनी हे घरीच करून पाहावे; त्यास एक भिंत, एक पेन्सिल, एक टेप आणि जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक एवढेच साहित्य लागते. आमच्या घरी गणिताचे पुस्तक कामी आले. अनवाणी भिंतीस पाठ लावून, पावले वीतभर अंतरावर ठेवून उभे राहावयाचे. दोन पायांमध्ये पुस्तक उभे धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितके वर दाबावयाचे. पुस्तकाची कड भिंतीस काटकोनात असली पाहिजे. तिच्या वरच्या टोकाशी भिंतीवर खूण करून जमिनीपासून तेथवर मोजावयाचे. तीनदा मोजावे, कारण पहिल्या खेपेस माणूस नकळत टाचा उचलतो. सौभाग्यवतींनी मोजले; माप आले ७७ सेंटिमीटर.

या मापास ०.६५ ते ०.६७ ने गुणिले की रोड-बाइकच्या फ्रेमची उंची ढोबळमानाने निघते, ०.८८३ ने गुणिले की पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर निघते. हा दुसरा गुणक सिरिल गिमार नावाचे फ्रेंच प्रशिक्षक आणि त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांच्या नावे प्रसिद्ध आहे. ज्या १९८६ साली आम्ही नळीखालून पाय घालून विरारच्या धुळीत पडत होतो, त्याच साली या लेमाँडने फ्रान्सची विख्यात शर्यत प्रथम जिंकली, ही मौज आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळली.

गुणाकार झाला. फ्रेम ५० ते ५१.६, सीटची उंची ६८. वसईच्या दुकानात ४९ व ५२ अशी दोन मापे होती. दुकानदार सज्जन होता. त्यानेही ५२ कडेच बोट दाखविले आणि मातोश्रींचा शब्द खरा होण्याचा रंग दिसू लागला. परंतु मुलीस दोन्हींवर प्रत्यक्ष बसवून फेरी मारावयास लाविले, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. ५२ वर तिचे पाय उत्तम चालत होते, पण हात ताठ, खांदे कानांशी आणि मान पुढे! दहा वर्षांपूर्वीचे आम्हीच तेथे बसलो आहोत, असा भास झाला.

याचे कारण शरीराच्या वाढीत आहे. वयात येताना आधी पाय झपाट्याने वाढतात आणि धड मागाहून त्यांस गाठते. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीचे केवळ पायांचे माप घेऊन फ्रेम निवडली तर ती बहुधा लांब पडते. शिवाय आजकालच्या फ्रेमची वरची नळी आडवी नसून सीटकडे उतरती असते. त्यामुळे उभ्या नळीच्या आकड्यावर पूर्वीइतका विश्वास ठेवता येत नाही. दोन आकडे पाहावे लागतात. पायडलांच्या आसापासून हँडल ज्या नळीत बसते तिच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, ज्यास रीच म्हणतात. आणि तेथवरचेच उभे अंतर, ज्यास स्टॅक म्हणतात. चाके मात्र बहुतेक सर्व मापांत तीच असतात. तेव्हा चाके पाहून सायकल लहान की मोठी हे ठरविणे व्यर्थ होय.

आम्ही ४९ घेतली. सीट वर घेतली, टाच पायडलावर ठेवून पाय तळास नेला असता गुडघा सरळ होतो की नाही ते पाहिले. पुढे धड वाढले म्हणजे हँडलाचा स्टेम थोडा लांब बसविता येईल. लहान फ्रेम थोडी वाढविता येते. मोठी फ्रेम कोणत्याही उपायाने लहान करता येत नाही.

मातोश्रींस हे रुचले नाही. "दोन-तीन सेंटिमीटरांनी असे काय आकाश कोसळते?" असे त्यांनी विचारले. आम्ही हिशेब मांडला. मिनिटास ८० फेरे धरले तर एका तासात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढील बाजूस, अती उंच असेल तर मागील बाजूस, दुखणे तितक्या वेळा चिमटा घेते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. तेथे किती लाख वेळा वाकला असेल, ते गणिताच्या पुस्तकास विचारावे! बेल्जमचा एडी मर्क्स १९६९ साली एका अपघातात जायबंदी झाला आणि त्याची पाठ पुढे जन्मभर दुखत राहिली. तो शर्यतीतही खिशात चावी बाळगी आणि सीट वरखाली करी. त्याने १९७२ साली मेक्सिकोत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले ते अशाच दुखऱ्या पाठीने. मातोश्रींनी सारे ऐकून घेतले आणि "तुझे मनगट दुखते, म्हणून पोरीला लहान सायकल," एवढाच निकाल दिला. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही.

कन्या त्या सायकलीवरून शाळेस जाते आणि रविवारी आमच्या पुढे अर्नाळ्यास पोहोचते. किनाऱ्यावर थांबून ती दोन्ही पाय जमिनीस टेकते, ते पाहावयास आम्हांस विशेष आवडते. आम्ही आता ५३ वर चालतो. ती जुनी ५८ एका उंच तरुणास दिली. त्यास ती नेमकी बसली.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातील भिंतीपाशी पुन्हा तेच गणिताचे पुस्तक आले. नवी खूण जुनीच्या वर दोन सेंटिमीटरांवर उमटली: ७९. मातोश्रींनी चष्मा लावून दोन्ही खुणा नीट पाहिल्या आणि आमच्याकडे पाहिले. "मोठी घ्यावयास हवी होती की नाही?" त्या म्हणाल्या. आम्ही मनात ०.८८३ ने गुणिले, सीट पावणेदोन सेंटिमीटर वर घ्यावी लागणार होती. उत्तर न देता आम्ही कपाटात एलन-की शोधू लागलो.