फोटो कोणासाठी?

अब्बांच्या मय्यतीत मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, हे मोहल्ल्यातले काही जण अजून विसरलेले नाहीत. 2020 चा पावसाळा होता. विमानं बंद, धाकटा भाऊ कुवेतमध्ये अडकलेला. फोनवर तो एवढंच म्हणाला, "भाई, मला मिट्टी देता येणार नाही. निदान काढून पाठव." कब्रस्तानात मी मोबाइल वर धरला, तसे एक चाचा सगळ्यांसमोर ओरडले, "बापाच्या मय्यतीत काय तमाशा लावलायस?" मी मोबाइल खिशात घातला.

पुढच्या फेब्रुवारीत के-टूची बातमी आली. मोहम्मद अली सदपारा हा स्कर्दूजवळच्या सदपारा गावचा माणूस. हमाल म्हणून सुरुवात करून तो मोठा गिर्यारोहक झाला. 2016 मध्ये नंगा पर्वतावर हिवाळ्यात प्रथमच माणूस पोहोचला, त्या चमूत तो होता. 5 फेब्रुवारी 2021 ला आइसलँडचा जॉन स्नोरी आणि चिलीचा हुआन पाब्लो मोर यांच्यासोबत तो 8611 मीटर उंच के-टूवर चढत होता. मुलगा साजिदही बरोबर होता. 'बॉटलनेक' नावाच्या अरुंद घळीपाशी साजिदच्या ऑक्सिजनचा रेग्युलेटर बिघडला. बापाने त्याला खाली पाठवलं. ते तिघे परत आले नाहीत.

या मोहिमेत आणखी एक माणूस होता, कॅनडाचा एलिया सायकाली. चित्रीकरण करणं हे त्याचं काम. त्या चढाईत त्याला वाटेतूनच मागे फिरावं लागलं, म्हणून तो वाचला.

त्याच्याबद्दल वाचताना मी पहिल्यांदाच या कामाचा विचार केला. डोंगरावरचा फोटो बघताना आपण शिखर बघतो, चढणारा बघतो. पण चढणाऱ्याच्या मागे राहिलं तर नुसती पाठ दिसते. चेहरा हवा असेल तर फोटोवाल्याला त्याच्या पुढे, वर जाऊन थांबावं लागतं. म्हणजे दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसापेक्षा जास्त चालतो. थंडीत बॅटरी उतरते, म्हणून ती जॅकेटच्या आत अंगाला चिकटवून ठेवायची. थंड कॅमेरा तंबूच्या उबेत नेला की लेन्सवर पाणी धरतं. जाड हातमोज्यांनी बटण दाबता येत नाही आणि मोजा काढला तर बोटं जायची भीती. 8 हजार मीटरच्या वर समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो, तिथे हे सगळं करायचं. एवढं करून तो स्वतः फोटोत नसतोच.

यापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. समोरचा आपला दोस्त आहे, आणि तो कदाचित आपल्या डोळ्यांदेखत मरेल. तेव्हा कॅमेरा चालू ठेवायचा की बंद करायचा?

त्याच वर्षी उन्हाळ्यात साजिद वडिलांना शोधायला पुन्हा के-टूवर गेला. सोबत सायकाली होता, कॅमेऱ्यासकट. 26 जुलैला बॉटलनेकच्या आसपास तिघांचे मृतदेह दिसले. साजिदने वडिलांचं शरीर कॅम्प चारपर्यंत खाली आणलं, बर्फातच सुरक्षित ठेवलं, कुरआन पढलं, फातिहा दिली. एवढ्या उंचीवर, जिथे स्वतःचा जीव सांभाळणं मुश्किल, तिथे मुलाने बापाचा हक्क अदा केला.

कोणी म्हणेल, तिथे कॅमेरा कशाला? मलाही आधी तसंच वाटलं. मग वाटलं, कॅमेरा कोणासोबत गेला होता ते बघावं. तो मुलासोबत गेला होता. तमाशा आणि गवाही यात फरक असेल तर तो इथे आहे. परक्याच्या दुःखावर गर्दी जमवायला काढलेला फोटो हा तमाशा. ज्याचं दुःख आहे त्याच्यासोबत, त्याच्या मर्जीने, येऊ न शकणाऱ्यांसाठी काढलेला फोटो ही गवाही. सदपारा गावातल्या घरच्या लोकांना त्या कॅम्पवर कोण नेणार होतं?

चाचांबद्दल माझ्या मनात राग नाही. लग्नात, अपघातात, मय्यतीत, जिकडे तिकडे मोबाइल वर झालेले त्यांनी बघितले होते. त्यांना भीती अदबीची होती, आणि ती भीती खोटी नाही. चूक झाली ती माझी. "कुवेतच्या लेकासाठी काढतोय," एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं.

घाईत मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो होतो. त्या व्हिडिओत पहिली दोन मिनिटं कबर दिसते, मग नुसता अंधार. पण आवाज येत राहतात. पाऊस, लोकांची हळू आवाजातली दुआ, आणि मिट्टी पडल्याचा आवाज. भाऊ म्हणतो, तो अंधाराचा भागच तो जास्त वेळा ऐकतो.