सीटचा दांडा

यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीपर्यंत सायकलने गेलं की तळहात बधिर होतात. भार पुढे येतोय. सीट रुळांवर मागे सरकवायला जागाच उरलेली नाही, म्हणून मागे झुकलेल्या डोक्याचा सीट पिलर घ्यायचं ठरवलं.

आज जुना पिलर उपसून पाहिला. ग्रीस वाळून काळं पडलंय, खालच्या टोकाला बारीक कोरलंय: २७.२. दुकानदाराला व्यासाचा हाच आकडा सांगायचा. २७.० चा पिलरही आत बसतो, पण क्लॅम्प कितीही आवळा, चढावर तो हळूहळू खाली उतरतो. कार्बनचा हलका खरा. आपल्या रस्त्यांना मला ॲल्युमिनियमचाच भरवशाचा वाटतो.

सीट मागे गेली की पॅडलही लांब पडतं, तेव्हा उंची किंचित कमी करावी लागेल. टाच खालच्या पॅडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा, एवढीच. पिलरवरची कमीत कमी खोलीची रेघ मात्र फ्रेमच्या आतच हवी. उंच पोरं ती सर्रास बाहेर काढून हिंडतात. फ्रेमचा सांधा तिथेच तडकतो, पाहून जीव कळवळतो.

२० मिलिमीटर मागे जाणारा पिलर नागपूरहून मागवलाय. हँडलही तेवढंच लांब पडेल. आखूड स्टेम लागेल का, ते बसवल्यावर बघू.